प्रकाशाच्या प्रवासवेळेवरून सूर्य आणि ग्रहांची अंतरे काढण्याची रीत

सूर्याचा प्रकाश पृथ्वीपर्यंत यायला सरासरी ८ मिनिटे १९ सेकंद लागतात, हे वाक्य शाळकरी मुलांनाही पाठ असते. सूर्यापाशी घड्याळ घेऊन कोणी उभे नसताना ही वेळ मोजली कशी, असे विचारले, तर बहुधा उत्तर येते की अंतराला प्रकाशाच्या वेगाने भागले. आणि अंतर कसे कळले असे विचारले, तर सांगितले जाते की वेळेला वेगाने गुणले. हे उत्तर स्वतःभोवतीच फिरते. प्रत्यक्षात हे काम तीन स्वतंत्र टप्प्यांत झाले आहे. आधी ग्रहकक्षांची एकमेकींशी असलेली प्रमाणे कोन मोजून काढली गेली, मग त्या साऱ्या आराखड्यातील एकच लांबी प्रकाशाच्या वेळेने मोजली गेली, आणि उरलेल्या लांब्या गुणाकाराने मिळाल्या. या लेखात तोच क्रम ठेवला आहे. त्यातील पहिला आणि शेवटचा भाग जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील कोणाही चिकाटीच्या निरीक्षकाला स्वतःच्या गच्चीवरून किंवा शेतातून करता येतो. मधल्या भागासाठी मात्र मोठे रडार लागते, आणि ते काम इतरांनी करून ठेवलेले आहे.

आधी आकडे जुळवून घ्यावेत

निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर आहे. हा आकडा आता मोजावा लागत नाही, कारण १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून केलेली आहे आणि त्यामुळे हा वेग ठरीव झाला आहे. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतराला खगोलीय एकक म्हणतात. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याचे मूल्य १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर असे निश्चित केले. या दोन आकड्यांचा भागाकार ४९९ सेकंद येतो, आणि पुढची बहुतेक सारी गणिते या ४९९ वर चालतात.

तोंडी हिशेबासाठी प्रकाश एका मिनिटात सुमारे १ कोटी ८० लाख किलोमीटर जातो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते. इंग्रजी स्रोतांतील ‘मिलियन’ म्हणजे दहा लाख, १४९.६ मिलियन किलोमीटर म्हणजे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. मराठी मजकुरात हा आकडा कधी १४९ कोटी, तर कधी दीड कोटी असा छापला जातो, म्हणून कोणतेही अंतर वहीत उतरवण्यापूर्वी त्याला १ कोटी ८० लाखांनी भागून मिनिटे पडताळून पाहण्याची सवय लावावी. चूक असेल तर ती तिथेच उघडी पडते.

पहिला टप्पा: शुक्राच्या कोनावरून कक्षेचे प्रमाण

शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत असल्यामुळे तो सूर्यापासून ठरावीक कोनापलीकडे दूर जाताना कधीच दिसत नाही. हा कोन जास्तीत जास्त होतो त्या दिवशी पृथ्वीकडून शुक्राकडे जाणारी दृष्टिरेषा शुक्राच्या कक्षेला स्पर्श करते, म्हणजे शुक्रापाशी काटकोन होतो; आणि काटकोन त्रिकोणात शुक्र-सूर्य अंतर भागिले पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे त्या कोनाचा साइन. एवढ्या साध्या भूमितीत शुक्राच्या कक्षेचे प्रमाण हाती येते आणि किलोमीटरचा प्रश्न अजून निघतही नाही.

यासाठी ३ जानेवारी २०२७ च्या आसपासचा काळ सोयीचा आहे. त्या दिवसांत शुक्र पहाटे पूर्वेला सूर्यापासून सुमारे ४७ अंशांवर असेल. त्याआधीची संध्याकाळची संधी १५ ऑगस्ट २०२६ च्या सुमारास येते, पण त्या वेळी खानदेशात आकाश मोकळे मिळेल यावर कोणी भरवसा ठेवू नये; जानेवारीतील थंड, कोरडी पहाट अधिक खात्रीची. तापीचे खोरे पूर्व-पश्चिम पसरलेले असल्यामुळे भुसावळ ते शहादा या पट्ट्यात पूर्वेचे आणि पश्चिमेचे क्षितिज बरेच मोकळे असते. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर असले तरी ते आड येत नाहीत. अपवाद चाळीसगाव, पाचोरा आणि जामनेरच्या दक्षिण भागाचा. जानेवारीत सूर्य पूर्वबिंदूपासून सुमारे पंचवीस अंश दक्षिणेला उगवतो आणि तिथे डोंगराची कड उशिराने सूर्य दाखवते, त्यामुळे त्या भागातील निरीक्षकाने उत्तरेकडे सरकून उघडे रान गाठावे. कापूस वेचून झालेले शेत उत्तम. केळीच्या बागेशेजारी उभे राहू नये, कारण तिथे पहाटेचा दमटपणा आणि धुके दोन्ही जास्त.

साहित्य थोडे आहे. मोठा कोनमापक, त्याच्या मध्यातून सोडलेला ओळंबा आणि कोनमापकाच्या सरळ कडेला बांधलेली पोकळ नळी एवढ्यात उन्नतांश, म्हणजे ताऱ्याची क्षितिजापासूनची कोनीय उंची मिळते. दिशा मोजण्यासाठी पाण्याच्या लेव्हलने सपाट केलेल्या फळीवर अंशांचे पूर्ण वर्तुळ काढावे आणि मध्यभागी सरळ उभी सळई रोवावी. शुक्र पहाटे काळोखातच हेरून ठेवावा आणि उजाडत जाईल तसा नजरेआड होऊ देऊ नये. एकदा जागा सुटली की सूर्य वर आल्यावर तो पुन्हा सापडणे कठीण जाते, न सुटल्यास सूर्योदयानंतरही तो बारीक पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसत राहतो.

सूर्याकडे नळीतून, दुर्बिणीतून किंवा उघड्या डोळ्यांनी रोखून पाहू नये. त्याची दिशा सळईच्या सावलीवरून घ्यावी. मोजणीचा नेमका क्षण असा: सूर्यबिंबाची खालची कड क्षितिजापासून साधारण अर्ध्या बिंबाएवढी वर आली की वातावरणातील वक्रीभवन वजा जाता बिंबाचा मध्य खऱ्या क्षितिजावर असतो. त्या क्षणी शुक्राचा उन्नतांश आणि शुक्र व सूर्य यांच्या दिशांमधील फरक नोंदवावा. मग

सूर्य-शुक्र कोनाचा कोसाइन = उन्नतांशाचा कोसाइन × दिशाफरकाचा कोसाइन

उदाहरणार्थ, उन्नतांश ४२ अंश आणि दिशाफरक २३ अंश आला, तर ०.७४३१ × ०.९२०५ = ०.६८४०, आणि कोन ४६.८ अंश. त्याचा साइन ०.७२९. हे त्या दिवशीच्या पृथ्वी-सूर्य अंतराचे प्रमाण झाले. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सरासरीच्या ०.९८३ पट अंतरावर असते, म्हणून ०.७२९ ला ०.९८३ ने गुणावे, उत्तर ०.७१७ येते. शुक्राचे सूर्यापासूनचे अंतर प्रत्यक्षात ०.७१८ ते ०.७२८ खगोलीय एककांच्या दरम्यान राहते, म्हणजे घरगुती साधनांच्या मानाने हे उत्तर फारच चांगले. कोनात एका अंशाची चूक झाली तर प्रमाणात पावणेदोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. एका दिवसावर विसंबण्याऐवजी आठपंधरा दिवस नोंदी घ्याव्यात, कारण कमाल कोनाच्या आसपास हा कोन अगदी सावकाश बदलतो आणि सरासरी काढल्याने हाताची चूक कमी होते.

बाहेरच्या ग्रहांसाठी केप्लरचा नियम

मंगळ, गुरू, शनी यांना असा कमाल कोन नाही. त्यांच्यासाठी प्रदक्षिणाकाळ उपयोगी पडतो. केप्लरने १६१९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रदक्षिणाकाळाचा, तो वर्षांत धरल्यास, वर्ग हा सरासरी अंतराच्या, ते खगोलीय एककांत धरल्यास, घनाइतका असतो. गुरूचा काळ ११.८६ वर्षे, त्याचा वर्ग १४०.७ आणि त्याचे घनमूळ ५.२०. शनीचा काळ २९.४६ वर्षे, त्यावरून ९.५४. मंगळाचा १.८८१ वर्षे, त्यावरून १.५२४.

इथे पाटणादेवीची आठवण अपरिहार्य आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे आणि त्याचा काळ इसवी सन १२०७ चा. त्या सिद्धांत परंपरेत सर्व ग्रह रोज सारखीच योजने चालतात असे गृहीत होते, त्यामुळे कक्षा प्रदक्षिणाकाळाच्या सरळ प्रमाणात मोठी मानली जाई आणि गुरूची कक्षा सूर्याच्या कक्षेच्या ११.८६ पट ठरे. केप्लरच्या नियमाने हेच प्रमाण ५.२ वर येते, कारण दूरचा ग्रह मुळातच हळू चालतो. ग्रहाचे आकाशातील स्थान सांगण्यापुरते जुने गृहीतक अडचण करत नव्हते. प्रकाशाच्या वेळेची कसोटी लावली की मात्र ते टिकत नाही, आणि ही कसोटी पुढे गुरूच्या आयो या उपग्रहाच्या ग्रहणांत प्रत्यक्षच येणार आहे.

प्रदक्षिणाकाळ स्वतः काढायचा असेल तर लागोपाठच्या प्रतियुतींमधील, म्हणजे ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो त्या क्षणांमधील, दिवस मोजावेत. गुरूसाठी हा काळ सरासरी ३९८.९ दिवस आहे, ३६५.२५ ला ३९८.९ ने गुणून गुणाकाराला त्यांच्या फरकाने भागले की ४,३३० दिवस, म्हणजे सुमारे ११.८६ वर्षे मिळतात. पण एकाच जोडीवर समाधान मानू नये. १० जानेवारी २०२६ ची प्रतियुती आणि फेब्रुवारी २०२७ मधील दुसऱ्या आठवड्यातील प्रतियुती यांच्यात सुमारे ३९६ दिवस आहेत, आणि तेवढ्यावर गणित केले तर गुरूचा काळ जवळजवळ १२.९ वर्षे निघतो. गुरूची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तो सर्वत्र सारख्या गतीने चालत नाही आणि छोट्या फरकाने भागल्यामुळे चूक फुगते. जुन्या पंचांगांतून बारा वर्षांच्या प्रतियुती काढून सरासरी घेणे हाच मार्ग.

दुसरा टप्पा: एकच लांबी, प्रतिध्वनीच्या वेळेने

आता आपल्याजवळ सूर्यमालेचा प्रमाणबद्ध नकाशा आहे, पण त्यावर किलोमीटरची खूण नाही. ती खूण उमटवायला कोणतेही एक अंतर प्रत्यक्ष मोजले तरी पुरते. ते सूर्याचे असावे असा आग्रह धरण्याचे कारण नाही, किंबहुना सूर्य त्यासाठी सर्वांत अयोग्य आहे: त्याला ठोस पृष्ठभाग नाही, आणि रेडिओलहरींचा तो स्वतःच मोठा स्रोत असल्याने परत आलेला क्षीण संकेत त्याच्या गोंगाटात ओळखणे अवघड होते.

शुक्र मात्र खडकाळ आहे आणि अंतर्युतीच्या वेळी, म्हणजे तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधोमध येतो तेव्हा, इतर कोणत्याही ग्रहापेक्षा जवळ येतो. १९६१ मध्ये अमेरिकेतील गोल्डस्टोन येथील अँटेनांनी आणि त्याच सुमारास इतर काही केंद्रांनी शुक्राकडे रेडिओलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी पकडला. रेडिओलहर हा प्रकाशाचाच प्रकार असल्याने तिचा वेगही तोच. गणित असे चालते: अंतर्युतीला पृथ्वी आणि शुक्र यांच्यातील अंतर सरासरी १ − ०.७२३३ = ०.२७६७ खगोलीय एकक. अशा स्थितीत प्रतिध्वनी सुमारे २७६ सेकंदांनी परत येतो. जाण्यायेण्याचा हा वेळ निम्मा केला की १३८ सेकंद. त्याला २,९९,७९२ ने गुणले की ४ कोटी १३ लाख ७१ हजार किलोमीटर. आणि त्याला ०.२७६७ ने भागले की १४ कोटी ९५ लाख किलोमीटर. सेकंद पूर्णांकात घेतल्यामुळे शेवटचा लाख जुळत नाही, एरवी खगोलीय एककच हाती आले. खऱ्या मोजणीत वेळ सेकंदाच्या फार लहान अंशापर्यंत घेतली जाते, दोन्ही ग्रहांची त्या क्षणाची अचूक स्थाने वापरली जातात, आणि लहर सूर्याजवळून जात असेल तर सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे तिला लागणारा एका सेकंदाच्या दहा हजारांशाच्या घरातील विलंबही धरावा लागतो.

निम्मा करण्याची ही पायरी विसरली जाते, म्हणून ती वेगळी सांगतो. अवकाशयानांच्या बातम्यांत कधी एकेरी वेळ दिलेली असते, तर कधी जाऊन परत येण्याची, आणि दोन्हींना ‘संदेशाला लागणारा वेळ’ असेच म्हटले जाते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले तेव्हा त्याचा संदेश पृथ्वीवर यायला सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. बंगळूरूजवळच्या ब्यालालू येथील ३२ मीटर व्यासाच्या अँटेनेवरून आज्ञा पाठवून तिचे उत्तर मिळायला त्याच्या दुप्पट, म्हणजे पंचवीस मिनिटे. साडेबारा मिनिटांना १ कोटी ८० लाखांनी गुणले की सुमारे साडेबावीस कोटी किलोमीटर हे त्या दिवशीचे मंगळाचे अंतर निघते. आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, त्याचा संदेश पाच सेकंदांत येतो. चंद्राला १.२८ सेकंद पुरतात.

तिसरा टप्पा: सूर्यापासून प्रत्येक ग्रहाची वेळ

इथे फार लिहिण्यासारखे नाही. प्रमाणाला ४९९ ने गुणायचे. बुधाचे प्रमाण ०.३८७, वेळ ३ मिनिटे १३ सेकंद. शुक्र ०.७२३, वेळ ६ मिनिटे १ सेकंद. मंगळ १.५२४, वेळ १२ मिनिटे ४० सेकंद. गुरू ५.२०३, वेळ ४३ मिनिटे १६ सेकंद. शनी ९.५३७, वेळ १ तास १९ मिनिटे. युरेनस १९.१९, वेळ २ तास ४० मिनिटे. नेपच्यून ३०.०७, वेळ ४ तास १० मिनिटे.

हे सारे सरासरी आहे. पृथ्वीची स्वतःची वेळदेखील जानेवारीच्या सुरुवातीला ८ मिनिटे ११ सेकंद आणि जुलैच्या सुरुवातीला ८ मिनिटे २७ सेकंद अशी बदलते. बुधाच्या बाबतीत तर सरासरी फारशी कामाची नाही, कारण त्याची वेळ अडीच मिनिटांपासून पावणेचार मिनिटांच्या पुढेपर्यंत हेलकावते.

पंचांगावरून आजचे अंतर

दोन ग्रहांमधील अंतर रोज बदलते. मंगळ पृथ्वीपासून कधी सव्वातीन प्रकाशमिनिटांच्याही आत येतो, तर कधी बावीस प्रकाशमिनिटांपलीकडे जातो. एखाद्या दिवशीचे अंतर काढण्यासाठी घरातले पंचांग पुरते, ही गोष्ट फारशी कोणी वापरत नाही याचे मला आश्चर्य वाटते. पंचांगातील दैनिक स्पष्ट ग्रहांच्या कोष्टकात सूर्याचा आणि ग्रहाचा भोग, म्हणजे राशिचक्रावरील स्थान, राशी, अंश आणि कला यांत दिलेला असतो. राशींना तीसने गुणून त्यात अंश मिळवावेत आणि दोन्ही भोगांची वजाबाकी करावी. पंचांग निरयन असो वा सायन, या दोन पद्धतींच्या आरंभबिंदूंमधील फरक, म्हणजे अयनांश, दोन्ही भोगांत सारखाच असल्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो. हा झाला पृथ्वीवरून दिसणारा सूर्य आणि ग्रह यांच्यातील कोन; १८० पेक्षा जास्त आल्यास ३६० मधून वजा करावा.

त्रिकोणाच्या दोन बाजू आणि हा कोन ठाऊक असल्यावर, पृथ्वी-सूर्य अंतर १ धरून, बाहेरच्या ग्रहासाठी सूत्र असे:

अंतर = कोनाचा कोसाइन + वर्गमूळ (ग्रहाच्या प्रमाणाचा वर्ग − कोनाच्या साइनचा वर्ग)

समजा, रवी सिंहेत ५ अंशांवर, म्हणजे १२५ अंश, आणि शनी धनूत ५ अंशांवर, म्हणजे २४५ अंश आहे. कोन १२० अंश. त्याचा कोसाइन −०.५ आणि साइनचा वर्ग ०.७५. शनीचे प्रमाण ९.५३७, त्याचा वर्ग ९०.९५, त्यातून ०.७५ वजा करून वर्गमूळ ९.४९७, अंतर ८.९९७ खगोलीय एकक. ४९९ ने गुणल्यावर सुमारे ४,४९० सेकंद, म्हणजे १ तास १४ मिनिटे ५० सेकंद. त्या रात्री दुर्बिणीत दिसणारी शनीची कडी सव्वा तासापूर्वीची असतील. मंगळासाठी हेच सूत्र सावधपणे वापरावे, कारण त्याचे सूर्यापासूनचे अंतर १.३८ ते १.६७ पर्यंत बदलते आणि सरासरी घेतल्यास उत्तर बरेच चुकू शकते. शुक्रासाठी वर्गमुळाआधी अधिक आणि उणे अशी दोन उत्तरे निघतात. दुर्बिणीत शुक्राची कोर दिसत असेल तर उणे चिन्हाचे जवळचे उत्तर, आणि बिंब अर्ध्याहून अधिक भरलेले असेल तर दूरचे.

आयोची ग्रहणे: प्रकाशाचा उशीर स्वतःच्या घड्याळात

आतापर्यंत किलोमीटरची खूण रडारकडून उसनी घेतली. तिच्याशिवाय खगोलीय एकक ओलांडायला प्रकाशाला किती वेळ लागतो हे थेट पाहायचे असेल, तर गुरूचा उपग्रह आयो हे उत्तम घड्याळ आहे. १६७६ च्या सप्टेंबरमध्ये डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमरने पॅरिस येथे सांगितले की ९ नोव्हेंबरचे आयोचे ग्रहण दहा मिनिटे उशिराने सुटेल, आणि तसे झाले. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटे लागतात असे त्याने काढले. आजचे मूल्य १६ मिनिटे ३८ सेकंद आहे.

आयो गुरूच्या सावलीत सरासरी ४२ तास २८ मिनिटे ३६ सेकंदांनी पुन्हा शिरतो. अनेक लोकप्रिय लेखांत असे सुचवलेले असते की एका ग्रहणाची वेळ नोंदवावी, सहा महिन्यांनी दुसऱ्याची नोंदवावी, मधल्या फेऱ्यांना या काळाने गुणावे आणि जो फरक उरेल तो प्रकाशाचा उशीर मानावा. ही रीत माझ्या मते वापरूच नये. गुरू स्वतः असमान गतीने फिरत असल्यामुळे त्याची सावलीही असमान गतीने फिरते, आणि त्यातून सहा महिन्यांत दहा मिनिटांपर्यंत फरक साचू शकतो. म्हणजे जे मोजायचे आहे तेवढीच चूक.

त्याऐवजी दोन थोडक्या कालखंडांची तुलना करावी. प्रतियुतीच्या सुमारे तीन महिने आधी सूर्य आणि गुरू यांच्यात ९० अंशांचा कोन असतो आणि पृथ्वी गुरूकडे वेगाने जात असते, त्यामुळे प्रत्येक पुढचे ग्रहण सुमारे १४ सेकंद लवकर दिसते. प्रतियुतीनंतर तीन महिन्यांनी उलट घडते. दोन्ही काळांत सारख्याच फेऱ्यांना लागलेला वेळ मोजून वजाबाकी केली, तर आयोचा मूळ फेरीकाळ आपोआप नाहीसा होतो, गुरूच्या असमान गतीचा बहुतेक परिणामही जातो, आणि उरतो तो प्रकाशाचा उशीर.

फेऱ्या किती घ्याव्यात, यात एक सोय दडली आहे. तेरा फेऱ्यांना २३ दिवस आणि जेमतेम १२ मिनिटे लागतात. सव्वीस फेऱ्यांना ४६ दिवस २४ मिनिटे. म्हणजे आज पहाटे चारला दिसलेले ग्रहण ४६ दिवसांनी पुन्हा पहाटे साडेचारच्या आत दिसते. वीस फेऱ्या घेतल्या तर दुसरे ग्रहण भर दिवसा येण्याचा संभव जास्त.

पुढची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ च्या दुसऱ्या आठवड्यात असल्याने पहिला कालखंड साधारण २३ ऑक्टोबर ते ८ डिसेंबर २०२६ आणि दुसरा १५ एप्रिल ते ३१ मे २०२७ असा पडतो. खानदेशासाठी याहून चांगली वाटणी मिळणे कठीण, कारण पावसाळा दोन्हींच्या बाहेर राहतो. पहिल्या खंडात गुरू मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, म्हणून काम पहाटे करावे; दुसऱ्यात तो संध्याकाळी वर असतो आणि मेअखेरीस मध्यरात्रीपूर्वी मावळतो. मे महिन्यात धुळीमुळे गुरू खाली उतरला की आयो फिका पडतो, तेव्हा रात्री आठ ते साडेदहा या वेळेतील ग्रहणेच निवडावीत.

साठ ते ऐंशी मिलिमीटर भिंगाची दुर्बीण, साठ ते शंभर पट वर्धन आणि न हलणारी तिपाई लागते. वेळेसाठी इंटरनेटशी जुळलेले मोबाइलचे घड्याळ पुरते. प्रतियुतीपूर्वी आयो सावलीत शिरताना दिसतो आणि प्रतियुतीनंतर फक्त त्याचा मोक्ष, म्हणजे सावलीतून बाहेर येणे, दिसतो. त्यामुळे पहिल्या खंडात दोन्ही वेळा ग्रहणप्रवेश आणि दुसऱ्यात दोन्ही वेळा मोक्ष नोंदवावा. प्रवेश आणि मोक्ष यांची सरमिसळ करू नये. आयो एकदम विझत नाही, सुमारे साडेतीन मिनिटांत मंदावत जातो. शेवटचा दिसला तो क्षण धरावा, आणि दुर्बीण, वर्धन व निरीक्षक शक्यतो बदलू नयेत. ग्रहणांच्या छापील किंवा ॲपमधील वेळा कधी पाहायचे हे कळण्यासाठीच वापराव्यात, कारण त्यांत प्रकाशाचा उशीर आधीच धरलेला असतो.

गणित असे. पहिल्या खंडातील ४६ दिवसांत पृथ्वी गुरूच्या सुमारे ०.७१ खगोलीय एकक जवळ जाते, दुसऱ्यात तेवढीच दूर. सर्व नेमके जमल्यास दुसऱ्या खंडातील २६ फेऱ्यांचा वेळ पहिल्यापेक्षा ७०८ सेकंदांनी, म्हणजे ११ मिनिटे ४८ सेकंदांनी जास्त भरेल. ७०८ ला १.४२ ने भागले की ४९९ सेकंद. आणि ४९९ ला प्रकाशाच्या वेगाने गुणले की रडारशिवाय खगोलीय एकक. प्रत्यक्षात नोंदीत अर्ध्या मिनिटाची चूक सहज होते आणि गुरूच्या गतीतील बदलामुळे आणखी चाळीसेक सेकंदांचा फरक राहू शकतो, म्हणून उत्तर ४५० ते ५५० सेकंदांत आले तरी काम चांगले झाले असे समजावे. प्रत्येक खंडात वेगवेगळ्या ग्रहणांपासून सुरू होणाऱ्या तीनचार जोड्या घेऊन सरासरी काढल्यास हा पल्ला आणखी आवळता येतो.

नेमक्या तारखेला ढग आले, किंवा ग्रहण दिवसा पडले, तर प्रयोग सोडण्याची गरज नाही. मिळतील त्या दोन तारखांना गुरूचे पृथ्वीपासूनचे अंतर वर दिलेल्या पंचांगाच्या सूत्राने काढावे आणि ०.७१ ऐवजी त्या दोन अंतरांतील फरक वापरावा. दोन्ही खंडांतील फेऱ्यांची संख्या मात्र सारखीच ठेवावी. फेऱ्या तेरा मिळाल्या, तर दोन्ही बाजूंचा फरक प्रत्येकी ०.३६ च्या आसपास असेल आणि मोजायचा उशीर प्रत्येक बाजूला तीन मिनिटांचाच राहील, त्यामुळे अर्ध्या मिनिटाची चूक दुप्पट जड जाईल. सोळा-सतरा फेऱ्यांसाठी सूर्योदयाच्या किंवा चंद्रप्रकाशाच्या अडचणीमुळे नोंद संशयास्पद वाटत असेल, तर ती ओढूनताणून घेण्यापेक्षा गाळलेली बरी.